जुन्या विंचेस्टरला एकही भोक न पाडता दुर्बिणीची बैठक

"दुर्बीण बसवा, पण माझ्या आजोबांच्या नळीला एक भोक पडता कामा नये." व्याह्यांनी एवढी एकच अट घातली आणि बंदूक माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर ठेवून ते चहाला आत गेले.

माझ्या लेकीचे सासरे उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या पॉटर काउंटीत राहतात. तिकडे हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस म्हणजे आपल्याकडचा पोळाच. पिढ्यान् पिढ्या तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी असायचा आणि बऱ्याच शाळा त्या दिवशी बंद असायच्या. २०१९ पासून तो शनिवारवर आला. व्याह्यांची बंदूक म्हणजे १८९७ सालची विंचेस्टर मॉडेल १८९४, .३८-५५ काडतुसाची, अष्टकोनी २६ इंची नळी. बंदूक ठणठणीत, डोळे मात्र सत्तरीचे. जुन्या पद्धतीच्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि समोरचं जनावर अशा तीन गोष्टी तीन वेगळ्या अंतरांवर असतात. तरुण डोळा त्या झरझर जुळवून घेतो, सत्तरीचा नाही. दुर्बिणीत फुलीच्या तारा आणि हरीण एकाच अंतरावर दिसतात, सगळा फायदा एवढाच.

मी आयुष्यभर भोसरीत टूलरूमला होतो. बंदूक ही माझी विद्या नव्हे, बैठक बसवणं ही आहे. इथे लिहितोय ते त्याच अंगाने, ज्यांना कानस धरता येते पण बंदुकीचं काम कधी केलेलं नाही अशांसाठी.

आधी कायद्याचं

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक फेडरल कायद्यात 'अँटीक' धरली जाते, आणि दुर्बिणीची बैठक हा कुठेही बंदुकीचा नोंदणीचा भाग नाही. ती घरी बनवायला परवाना लागत नाही. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे, शिकारीचे त्याहून वेगळे. आपली बरीच मुलं एच-१बीवर आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्यात मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्या, मित्राकडून नको.

भारतात बसून वाचत असाल तर हे फक्त वाचायला. १९५९चा शस्त्र कायदा बंदुकीच्या दुरुस्तीलासुद्धा परवाना मागतो आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवलेला आहे. गावच्या वाड्यात आजोबांची बंदूक असेल तर परवानाधारक कारागिराकडे न्या, स्वतः पान्हा लावू नका.

ही बंदूक अवघड का

जॉन ब्राउनिंगने आखलेल्या या मॉडेलमध्ये लिव्हर (ट्रिगरभोवतीची दांडी) खाली ओढली की रिकामी पुंगळी सरळ वर उडते. म्हणजे दुर्बीण जिथे असायला हवी, नेमकी तिथून. डोक्यावर दुर्बीण बसवली तर पुंगळी तिला आपटून परत आत पडते आणि बंदूक अडकते. विंचेस्टरने पुंगळी बाजूला फेकणारी सुधारणा केली ती थेट १९८०च्या दशकात. मधली ऐंशी-नव्वद वर्षं लोकांनी बाजूच्या भिंतीला भोकं पाडून दुर्बिणी एका अंगाला टांगल्या. दुकानात जुनी १८९४ पाहिली आणि डाव्या बाजूला बुजवलेली चार भोकं दिसली, की समजायचं काय झालं असेल. अशा भोकांनी संग्राहकाच्या लेखी किंमत जबर उतरते, आणि ती परत येत नाही. भोक बुजवता येतं, न पाडलेलं करता येत नाही.

मग उरते ती पुढची जागा. मागचा नेम नळीवर एका आडव्या खाचेत बसलेला असतो. ही डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाच कंपनीनेच १८९७ साली पाडून ठेवलेली आहे. नेम काढला की ती मोकळी. तिच्यातच आपली बैठक अडकवायची आणि दुर्बीण पुंगळीच्या वाटेच्या पुढे, नळीवर ठेवायची. दुर्बीण अशी पुढे ठेवायची कल्पना जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजाने १९८०च्या दशकात 'स्काउट रायफल' म्हणून गाजवली, त्यामुळे लांबून बघायच्या दुर्बिणी आज सहज मिळतात.

माझं स्पष्ट मत: ही पद्धत .३८-५५ किंवा .३०-३० अशा मध्यम धक्क्याच्या बंदुकीला आणि हलक्या दुर्बिणीला शोभते. .४५-७०च्या दणक्याला ती लावायला मी तयार होणार नाही. तीन सुताच्या, म्हणजे ३/८ इंचाच्या, खाचेने किती सोसायचं यालाही मर्यादा आहे.

बंदूक गोळी झाडायच्या लायकीची आहे का

हे मी ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका. परवानाधारक गनस्मिथकडून नळी आणि बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा ठोकळा) नीट बसतो का ते तपासून घ्या. .३८-५५ हे मुळात काळ्या दारूचं काडतूस. त्या काळच्या नळीचं पोलाद आजच्या दाबांसाठी घडवलेलं नव्हतं. कोणतं काडतूस चालेल हे त्यालाच विचारा. आणखी एक: या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याची गोळी टेकलेली. म्हणून चपट्या नाकाची गोळीच वापरायची. टोकदार गोळी पुढच्याच्या टोपीवर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर) टेकली तर धक्क्याने आतल्या आत स्फोट होऊ शकतो.

टेबलावर घ्यायच्या आधी बंदूक रिकामी करा, लिव्हर खाली ओढून बोट घालून खात्री करा, नळकांडंही बघा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत. तपासायला डमी काडतुसं वापरा, ज्यांत दारूही नाही आणि टोपीही नाही.

दुर्बीण आधी, बैठक नंतर

नवशिके उलट करतात. बैठक सुबक बनवतात आणि मग दुर्बीण डोळ्याला जुळत नाही.

साध्या दुर्बिणीत डोळा भिंगापासून तीन-चार इंचांवर लागतो. आपली दुर्बीण नळीवर असल्यामुळे ती चालत नाही. 'स्काउट' म्हणून विकतात त्यांना साधारण ९-१० इंच अंतर लागतं, पिस्तुलाच्या दुर्बिणींना त्याहून जास्त. मोठेपणा अडीचपट पुरे. झाडीत शंभर यार्डांच्या आत हरीण दिसतं, तिथे नऊपट घेऊन काय करायचं? पुढचं भिंग लहान घ्या, म्हणजे दुर्बीण नळीला चिकटून खाली बसते. या जुन्या दस्त्यांना उतार फार असतो. दुर्बीण उंच झाली की गाल लाकडावरून सुटतो आणि मान कोंबड्यासारखी वर काढावी लागते.

आता एक लाकडाची पट्टी घ्या, सहा इंच लांब. ती नळीवर रबर बँडने बांधा आणि तिच्यावर दुर्बीण, तीही रबर बँडने. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसत नसेल तर दुर्बीण मागे-पुढे सरकवा. डोळा सरकवायचा नाही. जुळलं की पट्टीवर पेन्सिलने खूण. हे दहा वेळा करा, आणि ज्याची बंदूक त्यालाच करायला लावा. व्याह्यांची मान माझ्यापेक्षा दोन बोटं लांब आहे, माझ्या खुणेने त्यांना अर्धं चित्र काळं दिसलं असतं.

त्याच खुणेवर डमी काडतुसं भरून लिव्हर जोरात चालवा. पुंगळी दुर्बिणीच्या मागच्या कडेला चाटून जात असेल तर दुर्बीण पुढे घ्यायला हवी. जोरात म्हणतो ते यासाठी, की हळू चालवल्यावर पुंगळी कुठेही पडते आणि आपल्याला वाटतं सगळं छान आहे.

मागचा नेम काढणं

नेमाखाली पायऱ्या कापलेली एक छोटी पट्टी असते, उंची वाढवायची. ती आधी काढा आणि डबीत टाका. अशी पट्टी फरशीवर पडून हरवली की मूळ मिळणं कठीण.

खाचेत भेदक तेलाचे दोन थेंब टाका आणि रात्रभर तसंच ठेवा. नळी लाकडी जबड्यांच्या व्हाइसमध्ये, मध्ये चामडं घालून. बंदूक खांद्याला लावल्यासारखी धरली तर नेम डावीकडून उजवीकडे ठोकून काढायचा आणि बसवताना उजवीकडून डावीकडे. ठोकायला पितळी दांडी, पोलादी पंच अजिबात नको. पहिला ठोका नेमाच्या अगदी बुडाशी द्या. वर दिला तर नेमाचं पान वाकतं. हलत नसेल तर तेल आणि आणखी एक रात्र. एकशे पंचवीस वर्षं बसलेल्या वस्तूला एका संध्याकाळची घाई लावायची नसते.

खाच मोजणं

टूलरूममध्ये आम्ही तीन अष्टमांश इंचाला तीन सूत म्हणायचो, आणि ही खाच नावाला तीन सुताचीच असते: तळाशी ०.३७५ इंच रुंद, बाजू ६० अंशांत आत झुकलेल्या, खोली साधारण ०.०९० इंच. 'नावाला' म्हणतो, कारण शंभर वर्षांत कोणी कोणी नेम ठोकून सरकवलेला असतो आणि खाच एका टोकाला दोन-तीन थाऊ फाकलेली असते. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कंपनीत काम केलेल्याला सांगायला नको, बाकीच्यांसाठी.)

वर्नियरचा जबडा या झुकत्या कोपऱ्यात शिरत नाही. म्हणून दोन सारख्या पिना घ्या, १/१६ इंच म्हणजे ०.०६२५ व्यासाच्या. ड्रिलचे गुळगुळीत दांडेही चालतात. एकेक पीन दोन्ही कोपऱ्यांत सरकवा आणि त्यांच्या मधली फट मोजा. फटीत बरोबर मावणारी तिसरी पीन शोधणं ही सगळ्यात खात्रीची पद्धत. मग:

खाचेची तळाची रुंदी = मधली फट + (पिनेचा व्यास × २.७३२)

फट ०.२०४ आली तर ०.२०४ + ०.१७१ = ०.३७५. हे माप डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला घ्या. सगळ्यात अरुंद आलेलं माप आपलं.

नळीचंही माप घ्या. अष्टकोनी नळी पुढे निमुळती होत जाते, म्हणजे तिचा वरचा सपाट पृष्ठभाग आतल्या भोकाला समांतर नसतो, पुढे उतरत जातो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. समजा नळी मागे ०.९०० इंच आणि २५ इंच पुढे ०.८०० इंच आहे. वरच्या अंगाला निम्मा फरक, ५० थाऊ. म्हणजे दर इंचाला २ थाऊ उतार. हा फरक किरकोळ वाटतो, पण १०० यार्ड म्हणजे ३,६०० इंच, तिथे तो ७.२ इंच होतो. बैठक नुसती नळीला टेकवली तर दुर्बीण खाली बघेल आणि गोळी सात इंच वर लागेल. पुढे हा उतार आपण पितळी शिमने मारणार आहोत.

बैठकीची घडण

माझा पहिला प्रयत्न भंगारात गेला, तो आधी सांगतो. मी शीत-रोल्ड पोलादाची पट्टी घेतली आणि जीभ (खाचेत शिरणारा भाग), रेल (दुर्बीण धरणारी वरची पट्टी), खाचे सगळं एकाच तुकड्यात कोरलं. व्हाइसमध्ये जॉब सरळ होता. सोडला आणि सरफेस प्लेटवर ठेवला, तर मधोमध खाली बारा थाऊचा फीलर गेज आरपार. शीत-रोल्ड पट्टीत ताण कोंडलेला असतो, एका अंगाचं धातू काढलं की ती केळ्यासारखी वाकते. तीस वर्षं हे पोरांना शिकवत होतो आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये विसरलो.

दुसऱ्यांदा दोन तुकडे केले, आणि नवशिक्यालाही तेच सुचवीन.

पहिला तुकडा म्हणजे पोलादी जीभ. ४१४० पोलाद, आपल्याकडचं ईएन-१९. खालचा पाय खाचेत बसणारा, ६० अंशांचा, ८५ थाऊ उंच. म्हणजे खाचेपेक्षा ५ थाऊ कमी, तळाला टेकता कामा नये. त्यावर एक सरळ मान, साधारण ०.२६ इंच जाड आणि शंभरेक थाऊ उंच, जी रेलच्या पोटात शिरेल. जिभेची लांबी नळीच्या वरच्या सपाटीच्या दोन्ही कडांच्या किंचित आत.

दुसरा तुकडा म्हणजे वरची रेल. ६०६१-टी६ ॲल्युमिनियम. वरचे खाचे कापलेली कोरी पिकॅटिनी रेल (दुर्बिणीच्या रिंगा अडकवायची ठरलेल्या मापाची पट्टी) तयार मिळते, ती घ्या. त्यात लाज कसली? दहा मिलिमीटरच्या अंतराने डझनभर खाचे अचूक पाडणं ही मशीनची हौस आहे, बंदुकीची गरज नव्हे. आपलं सगळं डोकं खालच्या बाजूला लागायला हवं.

बांधणीचं तत्त्व असं: रेलच्या वरून दोन स्क्रू जिभेच्या मानेत जातात. रेल दोन टोकांना पितळी गाद्यांवर नळीला टेकलेली आहे, मध्ये अधांतरी. स्क्रू आवळले की जीभ वर ओढली जाते आणि खाचेच्या झुकत्या बाजूंना आतून घट्ट बसते, त्याच वेळी रेल खाली दाबली जाते. ठोकाठोकी नाही, पाचर नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण घट्ट जीभ हातोडीने आत मारली तर पातळ नळीत त्या जागी आतलं भोक आवळलं जाऊ शकतं, आणि ते गोळीला कळतं, आपल्याला नंतर.

जीभ बसवणं

मिलिंगवर ६० अंशांच्या डव्हटेल कटरने पाय काढा, मापापेक्षा ३ थाऊ जास्त ठेवून. मिलिंग नसेल तर हॅकसॉ आणि तिकोनी कानस पुरते, फक्त वेळ जातो. कानशीची एक बाजू ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करा, म्हणजे एक बाजू कापत असताना दुसरी शेजारच्या पृष्ठभागाला खात नाही.

इथून पुढे हातकाम. जिभेच्या झुकत्या बाजूंना प्रशियन ब्लू अगदी पुसटसा लावा, खाचेत उजवीकडून ढकला आणि बाहेर काढा. जिथे निळा पुसला गेला, तिथे ती घासतेय. तेवढंच, कानशीचे दोन हात. परत निळा, परत ढकला. पहिल्या वेळी ती कडेवरच अडते, दहाव्या वेळी निम्मी जाते. विसाव्या वेळी अंगठ्याने ढकलली की रेशमासारखी सरकत मध्यावर येते आणि वर-खाली हलवून बघितली तर टकटक होत नाही. तिथे थांबायचं. एक हात जास्त झाला तर जीभ गेली, नवीन करा. अर्ध्या तासाचं काम आहे, रडायचं कारण नाही. खाचेला मात्र काही झालं तरी कानस लागता कामा नये. झिजवायचं ते नवीन, जुन्याला हात नाही.

माझी तिसरी जीभ बसली.

रेलचं पोट

रेलच्या खालच्या बाजूला जिभेच्या मानेसाठी खोबण काढा. लांबी-रुंदीत मानेपेक्षा ३ थाऊ सैल, खोलीत १० थाऊ जास्त. खोलीतली मोकळीक विसरलात तर मान तळाला टेकेल आणि स्क्रू कितीही आवळले तरी जीभ वर ओढली जाणार नाही.

दोन्ही टोकांना अर्धा इंच सोडून बाकीचं पोट १५ थाऊ खोल कापा. कारण साधं: नळीवर कंपनीचा छाप आहे, अक्षरं आहेत, मूळ निळी झळाळी आहे. रेल त्यांवर घासायला नको.

टोकांना पितळी शिमच्या गाद्या. वरच्या उदाहरणात गाद्यांमधलं अंतर ५ इंच असेल तर उतार १० थाऊ. म्हणजे मागे २० थाऊची गादी, पुढे ३० थाऊची. नंतर बारीक फरक करायचा तर ५ इंचांवर १ थाऊ म्हणजे १०० यार्डांवर ०.७२ इंच, हे लक्षात असू द्या. पुढची गादी जाड केली की दुर्बीण वर बघते आणि गोळी खाली येते.

स्क्रू ६-४८. गनस्मिथ लोकांचा हा जुना ठरलेला बारीक आटा. जिभेत भोक ३१ नंबरच्या ड्रिलने, मग टॅप, कटिंग ऑइल घालून. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. टॅप जिभेत मोडला तर जीभ फेकता येते. नळीत भोक पाडत असतो आणि मोडला असता तर काय केलं असतं, याचा विचार करून बघा.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघा. स्क्रू पूर्ण बसल्यावर जिभेच्या बुडातून त्याचं टोक बाहेर डोकावतंय का? डोकावत असेल तर ते खाचेच्या तळाला टेकेल, जीभ वर ओढायच्या ऐवजी नळीवर ढकलेल आणि तिथे खळगा पाडेल. जीभ हातात घेऊन स्क्रू आवळा, बुडावर नख फिरवा. नख अडलं तर स्क्रूचं टोक कानसा.

जुळवणी

कंपनीची खाच भोकाला बरोबर काटकोनात असेलच असं नाही. सगळं सैल जोडा, रेलच्या दोन्ही टोकांना तिच्या बाजूपासून नळीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. चारही मापं जोडीने जुळेपर्यंत रेल किंचित फिरवा. खोबणीतली ३ थाऊची मोकळीक यासाठीच ठेवली होती. जुळलं की नळीला आणि जिभेला मेणाचा पातळ थर चोळा, खोबणीत पोलादाची पूड घातलेलं एपॉक्सी भरा, बसवा, आवळा आणि चोवीस तास हात लावू नका. मेण विसरलात तर मेणाची आठवण आयुष्यभर राहील.

एपॉक्सी सुकल्यावर स्क्रू काढा, तेल पुसा, निळं लॉकटाइट लावा आणि परत बसवा. निळंच, लाल नको. लालला उष्णता द्यावी लागते, आणि जुन्या नळीला कोणी ज्योत लावत नाही. आवळताना चावी दोन बोटांत धरा, मुठीत नाही.

दुर्बीण धरणाऱ्या रिंगा बसवताना त्या रेलच्या खाच्यात पुढे ढकलून मग आवळा. गोळी सुटली की बंदूक मागे येते आणि दुर्बीण जागच्या जागी राहू बघते, म्हणजे बंदुकीच्या मानाने पुढे सरकू बघते. आधीच पुढे टेकलेली असली तर सरकायला जागा उरत नाही. बंदूक लेव्हलने सरळ करा आणि वीसेक पावलांवर ओळंबा टांगून उभी तार त्याला जुळवा. माझ्याकडे ओळंबा अजून आमच्या गवंड्याने दिलेलाच आहे, पितळी, भोसरीहून इथवर आलेला.

उघडं पोलाद दिसतं ते फक्त जिभेच्या कडांना. तिथे थंड ब्लूइंग लावून तेलाचं बोट फिरवा. रेल काळी अनोडाइज करून मिळते ती तशीच ठेवा.

रेंजवर

बोल्टवाल्या बंदुकीत बोल्ट काढून मागून नळीतून बघता येतं, लिव्हरवालीत नाही. त्यामुळे कोलिमेटर (नळीच्या तोंडाशी लावून दुर्बीण जुळवायचं उपकरण) वापरा किंवा थेट २५ यार्डांपासून सुरुवात करा, मोठ्या कागदावर. पाव मिनिटाच्या टिकल्यांची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, टिकली म्हणजे बटण फिरवताना होणारी एक 'टिक') दुर्बीण असेल तर २५ यार्डांवर एक टिकली म्हणजे सोळांश इंच. गोळी एक इंच बाजूला असेल तर सोळा टिकल्या. तीन गोळ्या झाडा, मग फिरवा. एका गोळीवर फिरवू नका, पहिली गोळी नेहमी खोटं बोलते. २५ला बसली की ५०, मग १००.

दहा गोळ्यांनंतर थांबा. नळी थंड होऊ द्या आणि प्रत्येक स्क्रूला चावी लावून बघा. नवीन जोडणी पहिल्या दहा-वीस धक्क्यांत बसते, कुठेतरी एक स्क्रू पाव फेरा घेतोच. रेलच्या कडेला आणि नळीला मिळून आधीच पेन्सिलची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर रेल सरकली आहे, नुसतं आवळून भागणार नाही. जीभ सैल झाली का ते बघावं लागेल.

आमची रेघ तुटली नाही. १०० यार्डांवर व्याह्यांच्या तीन गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. गाल मात्र लाकडावरून थोडा सुटत होता, म्हणून दस्त्याला चामड्याची दोरीने बांधायची गादी घातली. तिलाही स्क्रू नाही.

परत मूळ रूपात

मोसम संपला की दुर्बीण रिंगांसकट काढा. रेलचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रेल उचला, जीभ अंगठ्याने उजवीकडे सरकवा. खाचेत तेलाचा पुसट हात, मग मूळ नेम उजवीकडून डावीकडे आणि त्याखाली पायऱ्यांची पट्टी. नळीवरची जुनी खूण नेमावरच्या खुणेला जुळली की झालं. अशी खूण नसेल तर नेम काढायच्या आधीच फोटो काढून ठेवा. हे मी वर सांगायला हवं होतं.

व्याह्यांकडे आता एक तंबाखूची पत्र्याची डबी आहे. हिवाळ्यात तिच्यात जुना नेम आणि पायऱ्यांची पट्टी असते, उन्हाळ्यात जीभ, दोन स्क्रू आणि दोन पितळी गाद्या. झाकणाच्या आत मी कागद चिकटवलाय: पुढची गादी ३०, मागची २०, स्क्रू ६-४८, निळं लॉकटाइट. खाली व्याह्यांनी त्यांच्या हातचं लिहिलंय की भोक एकही नाही.